काच हा समुद्रगुप्तच होता की गुप्त घराण्यातील एक वेगळा राजा?

आपण असे विचारले आहे की, एका लिलावाच्या सूचीत ‘काच, गुप्त घराणे, चक्रध्वज प्रकार’ अशी नोंद असलेले सोन्याचे नाणे आपल्या पाहण्यात आले, परंतु पाठ्यपुस्तकातील गुप्तांच्या वंशावळीत या नावाचा राजा कोठेच सापडला नाही. तेव्हा हा काच कोण, आणि ‘काच म्हणजे समुद्रगुप्तच’ असे जे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते, ते खरे मानावे काय? शिवाय हे नाणे ‘दुर्मीळ’ म्हणतात ते कितपत, असेही आपण विचारले आहे. गुप्तांची नाणी आणि त्यांवरील लेख हा माझ्या अनेक वर्षांच्या वाचनाचा विषय असल्यामुळे थोडे विस्ताराने उत्तर देतो. काच हा समुद्रगुप्ताहून वेगळा, त्याच्याच काळातला आणि बहुधा त्याच्याच रक्ताचा राजपुत्र होता, असे माझे मत आहे. जॉन अ‍ॅलन, फ्लीट, व्हिन्सेंट स्मिथ यांच्यासारख्या अभ्यासकांचे मत याच्या उलट आहे, म्हणून त्यांची बाजूही पूर्णपणे मांडणे आवश्यक आहे.

आधी नाणे नीट पाहू, कारण काचाविषयी निर्विवाद असा पुरावा एवढाच आहे. त्याचा शिलालेख नाही, ताम्रपट नाही, राजमुद्रा नाही. नाणे साधारण साडेसात ग्रॅम वजनाचे, म्हणजे समुद्रगुप्ताच्या दिनारांच्या (सोन्याच्या नाण्यांच्या) तोलाचे आहे. दर्शनी बाजूवर प्रभावलय असलेला राजा डावीकडे तोंड करून उभा आहे. त्याच्या अंगात कुषाण राजांसारखा अंगरखा आणि विजार आहे, उजव्या हाताने तो लहानशा वेदीवर धूप टाकतो आहे आणि डाव्या हातात त्याने एक ध्वजदंड धरला आहे, ज्याच्या टोकाला चक्र आहे. या चक्रामुळेच नाण्याला चक्रध्वज प्रकार म्हणतात. डाव्या हाताखाली ‘का’ आणि त्याच्या खाली ‘च’ अशी दोन ब्राह्मी अक्षरे उभ्या ओळीत आहेत. कडेने गोल फिरणारा लेख असा आहे: ‘काचो गामवजित्य दिवं कर्मभिरुत्तमैर्जयति’. पृथ्वी जिंकून काच हा आपल्या उत्तम कर्मांनी स्वर्ग जिंकतो आहे, असा त्याचा अर्थ. पाठीमागच्या बाजूवर देवी उभी आहे; तिच्या एका हातात फूल आणि दुसऱ्या हातात समृद्धीचे प्रतीक असलेले, फळाफुलांनी भरलेले शिंग आहे. तिच्या बाजूला एकच शब्द कोरलेला आहे: ‘सर्वराजोच्छेत्ता’, म्हणजे सर्व राजांचा उच्छेद करणारा. साऱ्या वादाचे मूळ या एका शब्दात आहे.

सुरुवातीच्या अभ्यासकांनी हे नाणे समुद्रगुप्ताच्या आजोबाचे, घटोत्कचाचे मानले होते. ते मत फार काळ टिकले नाही आणि टिकण्यासारखेही नव्हते. घटोत्कचाच्या नावातले अक्षर ऱ्हस्व ‘क’ आहे, नाण्यावर स्पष्ट ‘का’ आहे. शिवाय घटोत्कच केवळ ‘महाराज’ होता, आणि पृथ्वी जिंकल्याची घोषणा करणारे सोन्याचे नाणे त्याने पाडले असेल हे पटत नाही.

आता समुद्रगुप्ताच्या बाजूचा युक्तिवाद पाहू. गुप्तांच्या पुढील पिढ्यांच्या लेखांत, उदाहरणार्थ बिलसड आणि भितरी येथील लेखांत, समुद्रगुप्ताचे वर्णन ठरलेल्या शब्दांत येते: ‘सर्वराजोच्छेत्ता’, ‘पृथिव्यामप्रतिरथ’ (पृथ्वीवर तोडीचा योद्धा नसलेला), ‘कृतान्तपरशु’ (यमाचा परशु), ‘चिरोत्सन्नाश्वमेधाहर्ता’ (फार काळ बंद पडलेला अश्वमेध पुन्हा करणारा). यांतील ‘अप्रतिरथ’ हे बिरुद समुद्रगुप्ताच्या धनुर्धारी प्रकारच्या नाण्यावर आहे, ‘कृतान्तपरशु’ हे त्याच्या परशुधारी प्रकारच्या नाण्यावर आहे आणि अश्वमेधाचे तर त्याचे स्वतंत्र नाणेच आहे. वर्णनातली इतर बिरुदे त्याच्याच नाण्यांवरची असतील, तर ‘सर्वराजोच्छेत्ता’ हेही त्याच्याच नाण्यावरचे असले पाहिजे, आणि ते ज्या एकमेव नाण्यावर सापडते ते काचाचे आहे; म्हणून काच हे समुद्रगुप्ताचे मूळचे नाव असावे आणि समुद्रापर्यंत दिग्विजय केल्यावर त्याने ‘समुद्रगुप्त’ हे नाव धारण केले असावे, असा हा तर्क आहे. तो हलका नाही. मी स्वतः बरीच वर्षे तो ग्राह्य मानत होतो.

या पक्षाचा दुसरा आधार कडेच्या लेखाचा. समुद्रगुप्ताच्या धनुर्धारी नाण्यावर ‘अप्रतिरथो विजित्य क्षितिं सुचरितैर्दिवं जयति’ असे आहे. पृथ्वी जिंकली, आता सत्कृत्यांनी स्वर्ग जिंकतो आहे. कल्पना तीच, शब्द तेवढे निराळे. परंतु हा आधार जवळून पाहिल्यास सैल पडतो, कारण दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या छत्र प्रकारच्या नाण्यावर ‘क्षितिमवजित्य सुचरितैर्दिवं जयति विक्रमादित्यः’ असा लेख आहे, आणि काचाच्या लेखातले ‘अवजित्य’ हे नेमके रूप येथे आहे, समुद्रगुप्ताच्या लेखात ‘विजित्य’ आहे. कुमारगुप्ताच्या नाण्यांवरही ‘दिवं जयति’ येतच राहते. ही या घराण्याच्या टाकसाळीची भाषा होती. तिच्यावरून एखादा विशिष्ट राजा ओळखता येत नाही.

राहिले ते बिरुद, आणि येथे महाराष्ट्रातल्या एका ताम्रपटाचा थेट संबंध येतो. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याला दिली होती. पतीच्या अकाली मृत्यूनंतर तिने लहान मुलाच्या वतीने विदर्भाचा कारभार पाहिला, आणि रामटेकजवळच्या नंदिवर्धनाहून, म्हणजे आजच्या नगरधनहून, तिने दिलेल्या दानाचा एक ताम्रपट पुण्यात एका तांबट कुटुंबाकडे जपून ठेवलेला मिळाला. अभ्यासक त्याला पुण्याचा ताम्रपट म्हणतात, जरी त्यातली जमीन हिंगणघाट परिसरातली आहे. या ताम्रपटात ‘सर्वराजोच्छेत्ता’ हे बिरुद प्रभावतीच्या वडिलांना, दुसऱ्या चंद्रगुप्ताला, लावलेले आहे. स्वतःच्या वडिलांचे वर्णन करून घेणाऱ्या मुलीच्या राजशासनात हे यावे, यावरून निदान इतके दिसते की हे बिरुद समुद्रगुप्ताची एकट्याची मालमत्ता आहे असे त्या काळचे लोक मानत नव्हते.

अर्थात या ताम्रपटाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. त्यात घटोत्कचाला गुप्तांचा ‘आदिराज’ म्हटले आहे, जे गुप्तांच्या स्वतःच्या वंशावळीशी जुळत नाही, कारण तेथे श्रीगुप्त हा पहिला आहे. म्हणजे वाकाटकांच्या लेखकाला पाटलिपुत्राच्या घराण्याची सगळी माहिती अचूक होती असे नाही, आणि समुद्रगुप्ताची बिरुदे त्याने चुकून एका पिढीने खाली सरकवली असेही कोणी म्हणू शकेल. तरीही माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. समुद्रगुप्ताच्या हयातीतला सर्वांत मोठा लेख म्हणजे हरिषेणाने रचलेली प्रयागची प्रशस्ती. तिच्यात आर्यावर्तातील रुद्रदेव, मतिल, नागदत्त, गणपतिनाग इत्यादी नऊ राजांना बळाने उखडून टाकल्याचे सांगितले आहे. परंतु दक्षिणेतील बारा राजांना पकडून पुन्हा सोडून दिल्याचे, आणि राज्यभ्रष्ट झालेल्या अनेक राजवंशांची पुन्हा स्थापना केल्याचेही तितक्याच अभिमानाने सांगितले आहे. ‘सर्व राजांचा उच्छेद करणारा’ हे बिरुद या प्रशस्तीत नाही. त्याच्या नावावरच्या नालंदा आणि गया येथील ताम्रपटांत ते येते, पण त्या दोन्ही ताम्रपटांच्या खरेपणाविषयी अभ्यासकांना फार पूर्वीपासून शंका आहे. ज्याच्या दरबारातला कवी पराभूत राजांना सोडून देण्याची कीर्ती गातो, त्याच राजाने ‘सर्वांचा उच्छेद केला’ हा एकच शब्द नाण्यावर निवडला असेल, हे मला जुळवून घेता येत नाही.

यापेक्षाही मोठी अडचण नावाची आहे. गुप्त राजांच्या सोन्याच्या नाण्यांवर राजाच्या हाताखाली जे नाव उभ्या अक्षरांत येते, ते त्याचे स्वतःचे नाव असते: ‘समुद्र’, ‘चन्द्र’, ‘कुमार’, ‘स्कन्द’. विक्रमादित्य, महेंद्र, पराक्रम ही बिरुदे पाठीमागे किंवा कडेला जातात. समुद्रगुप्ताची दंडधारी, धनुर्धारी, परशुधारी, वीणावादक अशी नाना प्रकारची नाणी आहेत आणि नाव जेथे जेथे येते, तेथे ते समुद्रगुप्त असेच येते. येथे कोणी म्हणेल की दुसऱ्या चंद्रगुप्तालाही ‘देवगुप्त’ हे दुसरे नाव होते, आणि ते खरे आहे. अमरावती जिल्ह्यातील चम्मक येथे मिळालेल्या ताम्रपटात प्रभावतीचा मुलगा, वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन, आपल्या आईच्या वडिलांना देवगुप्त असेच म्हणतो. पण हे दुसरे नाव ताम्रपटात राहिले, नाण्यावर हाताखाली कधी ‘चन्द्र’ऐवजी ‘देव’ आले नाही. नाणे हातोहात फिरते, ते कोणाचे हे व्यापाऱ्याला आणि सैनिकाला एका दृष्टिक्षेपात कळले पाहिजे. एकाच राजाने एकाच काळात दोन वेगळ्या नावांनी सोने चलनात आणण्याचे कारण या मताच्या कैवाऱ्यांकडून मला कधी समाधानकारकपणे मिळालेले नाही. ‘समुद्रगुप्त’ हे दिग्विजयानंतरचे नाव मानले, तर अडचण आणखी वाढते, कारण मग दिग्विजयाच्या आधीच, ‘काच’ असताना, तो सर्व राजांचा उच्छेद केल्याचे सांगत होता असे होईल.

मग काच म्हणजे रामगुप्त, असे एक मत काही काळ जोरात होते, आणि त्याची हकीकत आपल्याला मुद्दाम सांगतो, कारण तिच्यात या प्रश्नाची किल्ली आहे असे मला वाटते. विशाखदत्ताच्या ‘देवीचंद्रगुप्त’ नाटकाचे जे तुकडे इतर ग्रंथांतल्या उद्धरणांमुळे वाचले, त्यांत समुद्रगुप्तानंतर गादीवर आलेल्या रामगुप्ताची गोष्ट आहे: शकांच्या राजापुढे हतबल होऊन त्याने आपली राणी ध्रुवदेवी त्याच्या स्वाधीन करण्याचे मान्य केले, तेव्हा धाकटा भाऊ चंद्रगुप्त स्त्रीवेषाने शत्रूच्या गोटात गेला आणि त्याने शकराजाला मारले. बाणभट्टानेही ‘हर्षचरिता’त या घटनेचा उल्लेख केला आहे, आणि राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या इ. स. ८७१च्या संजाण ताम्रपटात, भावाला मारून त्याचे राज्य आणि राणी घेणाऱ्या गुप्त राजाचा निर्देश आहे. परंतु गुप्तांच्या कोणत्याही वंशावळीत रामगुप्ताचे नाव नाही. १९२८ साली अनंत सदाशिव आळतेकर यांनी हा एक खरा राजा होता असे प्रतिपादन केले, तेव्हा अनेकांनी ते नाटकातले पात्र म्हणून झटकून टाकले. रामगुप्ताचे नाणे का सापडत नाही, या आक्षेपाला उत्तर म्हणून देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनी असे सुचवले की काचाच्या नाण्यावरचे नाव मुळात ‘राम’ असावे आणि ठसा कोरणाऱ्याच्या किंवा वाचणाऱ्याच्या चुकीने ते ‘काच’ झाले असावे.

भांडारकरांविषयी पूर्ण आदर बाळगून म्हणतो, हे स्पष्टीकरण टिकले नाही. पुढे विदिशा आणि एरण भागांत रामगुप्ताची तांब्याची नाणी मिळाली, त्यांवर त्याचे नाव सरळ वाचता येते. १९६९ साली विदिशेजवळ दुर्जनपूर येथे तीर्थंकरांच्या तीन मूर्ती सापडल्या आणि त्यांच्या बैठकीवरील लेखांत ‘महाराजाधिराज श्रीरामगुप्त’ असा उल्लेख निघाला. त्यामुळे रामगुप्त खरा ठरला आणि काच त्याच्यापासून वेगळा झाला. परंतु याच शोधाने समुद्रगुप्त-पक्षाचा एक जुना आधारही नकळत काढून घेतला. ‘काच वेगळा राजा असता तर वंशावळीत त्याचे नाव आले असते’ असे म्हटले जाई. आता आपल्याला निश्चित ठाऊक आहे की महाराजाधिराज म्हणवणारा एक राजा त्या वंशावळींतून संपूर्ण गाळला गेला होता. या वंशावळी बापाकडून मुलाकडे सरळ जाणारी रेषा दाखवतात, आणि ज्याच्या वंशजांना राज्य मिळाले नाही त्याला तेथे जागा नसते. एक भाऊ असा गाळला गेला असेल, तर त्याच्या आधीच्या पिढीत दुसराही गाळला गेला असणे अशक्य नाही.

त्या आधीच्या पिढीत वारसाहक्काचा तंटा झाला असावा, याचे सूचन खुद्द प्रयागच्या प्रशस्तीत आहे, आणि मला तो श्लोक संस्कृत प्रशस्तिवाङ्मयातल्या अत्यंत जिवंत प्रसंगांपैकी एक वाटतो. भरसभेत पिता, म्हणजे पहिला चंद्रगुप्त, समुद्रगुप्ताला ‘हाच खरा योग्य’ म्हणून मिठी मारतो. त्याच्या अंगावर रोमांच उभे आहेत, डोळे पाण्याने जड झाले आहेत, सभासद सुटकेचा श्वास टाकत आहेत, आणि तो म्हणतो, ‘निखिलां पाह्येवमुर्वीम्’, या सगळ्या पृथ्वीचे पालन कर. त्याच क्षणी कवी आणखी एक तपशील टिपतो: ‘तुल्यकुलजम्लानाननोद्वीक्षितः’. बरोबरीच्या कुळात जन्मलेले इतर लोक काळवंडलेल्या चेहऱ्यांनी त्याच्याकडे पाहत होते. राजाच्या स्तुतीत भावांचे उतरलेले चेहरे कोरून ठेवण्याची हरिषेणाला काही गरज नव्हती. ते चेहरे सर्वांच्या लक्षात राहिले असावेत म्हणूनच ते तेथे आले. मुंबईत इतिहासाचे अध्यापन आणि संशोधन करणारे फादर हेरास यांनी या श्लोकावरून असे मांडले की नाराज भावांनी बंड केले आणि त्यांचा पुढारी काच होता. राखालदास बॅनर्जी यांनी मात्र निराळे सुचवले: काच हा लढाईत मरण पावलेला भाऊ असावा आणि त्याच्या स्मरणार्थ समुद्रगुप्ताने हे नाणे काढले असावे. बॅनर्जींचे मत मनाला भिडते, पण मृत भावाच्या स्मारकावर ‘सर्व राजांचा उच्छेद करणारा’ आणि ‘जयति’ असा वर्तमानकाळ शोभत नाही. ‘आर्यमंजुश्रीमूलकल्प’ या बौद्ध ग्रंथात ‘समुद्र’ नावाच्या राजाच्या भस्म नावाच्या भावाचा उल्लेख आहे, आणि संस्कृतात ‘काच’ शब्दाचा क्षार किंवा राख असाही अर्थ असल्यामुळे हा भस्म म्हणजेच काच, असे काहींनी जुळवले आहे. एवढ्या बारीक धाग्यावर मी काही टांगणार नाही, मात्र समुद्रगुप्ताला राज्यावर हक्क सांगणारा भाऊ होता ही आठवण परंपरेत टिकून राहिली होती, हे त्यावरून दिसते.

आता संख्येचा विचार करू, कारण ‘दुर्मीळ’ म्हणजे किती हे आपण विचारलेच आहे. १९४६ साली भरतपूर संस्थानात बयानाजवळ शेतात पुरलेल्या भांड्यात गुप्तांच्या सोन्याच्या नाण्यांचा सर्वांत मोठा निधी सापडला. काही नाणी गावातच वाटली गेली आणि वितळली. अभ्यासासाठी १८२१ नाणी मिळाली, आणि त्यांची सूची आळतेकरांनी तयार केली. त्यांत दुसऱ्या चंद्रगुप्ताची ९८३, कुमारगुप्ताची ६२८, समुद्रगुप्ताची १८३, चंद्रगुप्त-कुमारदेवी प्रकारची १०, स्कंदगुप्ताच्या काळाचे मानले जाणारे १ आणि काचाची १६ नाणी होती. सोळा हा आकडा मला बोलका वाटतो. तो इतका मोठा नाही की काचाचे राज्य दीर्घ होते असे म्हणावे. पण इतका लहानही नाही की हे एखाद्या दिवसाच्या धुमाळीत पाडलेले नाणे होते असे म्हणावे. सोन्याचा साठा, ठसे कोरणारे कसबी कारागीर आणि छंदात ओळ रचणारा कवी, हे सगळे ज्याच्या हाती होते अशा माणसाचे हे काम आहे. काही काळ तरी एक टाकसाळ काचाच्या ताब्यात होती, एवढे या नाण्यांवरून निर्धास्तपणे म्हणता येते.

याच ठिकाणी माझ्या मताविरुद्धचा सर्वांत चांगला आक्षेप येतो. काचाच्या नाण्यावरची उभी देवी समुद्रगुप्ताच्या व्याघ्रपराक्रम प्रकारावरील उभ्या देवीची आठवण करून देते, राजाची ठेवण त्याच्या दंडधारी प्रकारासारखी आहे, वजनही जवळपास तेच आहे. इतके साम्य शत्रूच्या नाण्यात कसे असेल, असे अ‍ॅलनपासून विचारले गेले आहे. परंतु दोन भाऊ एकाच गादीसाठी भांडतात तेव्हा टाकसाळ, कारागीर आणि सोन्याचे माप तेच राहते, बदलते ते हाताखालचे नाव आणि हातातले चिन्ह. येथे नेमके तेवढेच बदललेले दिसते: ‘समुद्र’ऐवजी ‘काच’, आणि गरुडध्वजाच्या घराण्यात राजाच्या मुठीत चक्राचा ध्वज. दोन्ही चिन्हे विष्णूचीच आहेत, म्हणून धर्म बदललेला नाही. पण कोणता ध्वज कोणाचा, हे त्या काळच्या सैन्याला नक्कीच कळत असणार.

उद्या काच आणि समुद्रगुप्त यांच्या नाण्यांची पाठीमागची बाजू एकाच ठशाने पाडलेली आहे असे दाखवणारी जोडी मिळाली, तर दोघांचा काळ आणि टाकसाळ यांविषयी आपण आजच्यापेक्षा पुष्कळ खात्रीने बोलू शकू. आणि एखाद्या लेखात ‘काचापरनामा समुद्रगुप्त’, म्हणजे काच हे दुसरे नाव असलेला समुद्रगुप्त, अशा अर्थाचे शब्द निघाले, तर मी माझे मत त्याच दिवशी मागे घेईन.

आपण पाहिलेल्या नाण्याविषयी दोन शब्द. गुप्तांच्या सोन्याच्या नाण्यांची बनावट फार होते आणि काचाच्या नाण्याला किंमत अधिक असल्यामुळे त्याची तर विशेषच होते, म्हणून केवळ छायाचित्रावरून निर्णय करू नये. हाताखालची दोन अक्षरे, ध्वजाच्या टोकाचे चक्र आणि देवीशेजारचा लेख ही तीन ठिकाणे संग्रहालयातल्या नाण्याच्या छायाचित्राशी ताडून पाहावीत. नवी दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय आणि लंडनचे ब्रिटिश म्युझियम येथे काचाची नाणी आहेत. १९७२च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे भारताबाहेर नेता येत नाही, आणि ते नाणे कोठून आले याची कागदपत्रे विक्रेत्याकडून मागून घेण्याचा संकोच आपण मुळीच बाळगू नये.